टीव्हीवर माणसं आडवी का दिसतात? पिक्चर साइझ, काळ्या पट्ट्या आणि रिमोटवरचं ते बटण

उंटावरची_शहाणी
नवीन ४३ इंची टीव्ही आलाय घरी. चित्र झकास आहे, तक्रार नाही. पण जुनी गाणी लागली की सगळे नायक पैलवान दिसतात आणि नायिकांचे गाल फुगलेले. रिमोटवर पिक्चर साइझचं बटण आहे, ते दाबत गेलं की १६:९, ४:३, झूम, वाइड झूम, ओरिजिनल, ऑटो असं काय काय येत राहतं. ४:३ केलं की माणसं माणसांसारखी दिसतात, पण दोन्ही बाजूंना काळे खांब उभे राहतात. झूम केलं की खांब जातात, पण गाणाऱ्याचं कपाळ आणि खालची बातम्यांची पट्टी दोन्ही गायब. सिनेमा लावला तर वर-खाली पट्ट्या! सासरे रोज विचारतात, "एवढा मोठा टीव्ही घेतलास, मग चित्र पूर्ण का येत नाही?"
एकदा लावून विसरून जाता येईल असं एखादं सेटिंग आहे का? की प्रत्येक चॅनेलला रिमोट हातात धरूनच बसायचं?

रिमोटधारी
१६:९ ठेवा आणि विसरा. हाकानाका.

गोगलगाय
@रिमोटधारी, अहो १६:९ वरच तर पैलवान दिसतायत त्यांना. धागा वाचा की राव.

वाचनमात्र
आमच्याकडेही हेच. वाचतोय.

तपशीलवार
शहाणीताई, टीव्ही बिघडलेला नाही. चित्राला स्वतःचा आकार असतो आणि पडद्याला स्वतःचा. दोन्ही जुळले नाहीत की करण्यासारखं तीनच प्रकारचं असतं: जागा रिकामी सोडायची, चित्र कापायचं किंवा ताणायचं. त्या बटणावरची सगळी नावं या तिघांचीच, नाहीतर त्यांच्या भेसळीची.

हे आकार आले कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की सासऱ्यांना उत्तर देणं सोपं जाईल. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने ३५ मिमी फिल्मवर चार छिद्रं उंचीची चौकट धरली, ती ४:३ च्या प्रमाणात होती, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंद. टीव्ही आला तेव्हा सिनेमा जवळपास त्याच आकाराचा होता (बोलपटांसाठी १९३२ मध्ये १.३७ ठरलं, फरक किरकोळ), म्हणून टीव्हीनेही तोच आकार उचलला. मग १९५० च्या दशकात लोक घरीच टीव्ही बघत बसायला लागले आणि सिनेमावाल्यांनी त्यांना बाहेर काढायला पडदे रुंद केले. सिनेमास्कोप आला १९५३ मध्ये. आजचे बहुतेक सिनेमे १.८५ किंवा २.३९ या प्रमाणात असतात.

म्हणजे एका टोकाला १.३३, दुसऱ्या टोकाला २.३९. नवीन टीव्ही कुठल्या आकाराचा करायचा? १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेच्या कामात कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित आकारांचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. सगळ्यांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समाईक असलेला आतला आयत, दोन्ही साधारण १.७७ प्रमाणाचे निघाले. १६:९ म्हणजे तेच. थोडक्यात ही ठरवून केलेली तडजोड आहे. जुन्या कार्यक्रमाला बाजूंना पट्ट्या येणार, रुंद सिनेमाला वर-खाली येणार, पण दोन्हीकडे प्रकरण आटोक्यात राहणार.

(अवांतर: ४ चा वर्ग १६, ३ चा वर्ग ९. कुणाला लक्षात राहत नसेल तर.)

आता तुमची बटणं.
४:३ म्हणजे खांब दिसणार, पण चित्र जसं होतं तसं. पडद्याची ७५ टक्के रुंदी वापरली जाते.
१६:९ म्हणजे आलेलं चित्र कडेपर्यंत ताणायचं. ४:३ चित्र आलं असेल तर रुंदी एक तृतीयांशाने वाढते. हेच तुमचे पैलवान.
झूम म्हणजे चित्र प्रमाणात मोठं करून जे वर-खाली बाहेर जाईल ते कापायचं. ४:३ चित्राची पाव उंची जाते. कपाळ आणि बातम्यांची पट्टी त्यातच गेली.
वाइड झूम हा मधला मार्ग, थोडं ताणा, थोडं कापा. कुठल्याकुठल्या टीव्हीवर यालाच जस्ट, पॅनोरामा वगैरे नावं असतात. त्यात चित्राचा मधला भाग जवळपास जागच्या जागी ठेवून फक्त कडा ओढतात. मधला निवेदक ठीक, पण कडेला बसलेला पाहुणा सुजलेला! आणि कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे सरकला की इमारती कडेला फुगतात, मध्ये आकसतात आणि पलीकडे गेल्यावर परत फुगतात. ज्यांना ते दिसत नाही ते भाग्यवान.
ऑटो किंवा ओरिजिनल म्हणजे सिग्नलबरोबर आकाराची जी खूण येते ती बघून टीव्ही स्वतः ठरवतो. खूण खरी असेल तर हेच सगळ्यांत बरं.

रिमोटधारी
एवढं मोठं पुराण? आमच्या घरी सगळं ताणूनच बघतात. दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते. पूर्ण पडद्याचे पैसे मोजलेत, काळे खांब बघायला नाही.

गोगलगाय
सवय चुकीच्या गोष्टींचीही होते, म्हणून काय... असो. दिवे घ्या.

उंटावरची_शहाणी
तपशीलवार, खूप आभार. पण एक कळलं नाही. मी टीव्हीवर 'ओरिजिनल' लावलंय, तरी पैलवान तसेच. मग ताणतंय कोण?

तपशीलवार
बहुतेक सेट टॉप बॉक्स.
चित्राचा आकार तीन ठिकाणी बदलू शकतो: वाहिनीने पाठवताना, बॉक्सने पुढे देताना आणि टीव्हीने दाखवताना. एचडीएमआयने जोडलेला बॉक्स सगळं एकाच ठरलेल्या चौकटीत घालून देतो, म्हणजे १९२० × १०८० वगैरे, आणि ती चौकट मुळातच १६:९ असते. ४:३ चं गाणं त्या चौकटीत बसवताना बॉक्सनेच ताणलं, तर टीव्हीपर्यंत पोचतं ते नीटनेटकं पूर्ण १६:९ चित्र. आत काय झालंय ते टीव्हीला कळायचा मार्गच उरत नाही. मग ऑटो लावा नाहीतर ओरिजिनल.

तेव्हा आधी शोधायचं, ताणलं कुणी. जुनी गाणी लागलेली असताना पडद्यावर नक्की गोल असेल असं काहीतरी धरा. वाहिनीचा बोधचिन्हाचा गोळा असेल तर उत्तम, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ, गाडीचं चाक (समोरून दिसणारं, तिरकं नको). टेप घ्या आणि उंची-रुंदी मोजा. त्यानंतर बॉक्सचा स्वतःचा मेनू उघडा आणि त्यातलं एखादं गोल चिन्ह मोजा. आकडे इथे टाका.

उंटावरची_शहाणी
मोजलं. सासरे टेप धरायला होते, त्यांना भलताच उत्साह आलाय :)
गाण्यांच्या चॅनेलचा गोळा: उंची ६ सेंमी, रुंदी ८ सेंमी.
बॉक्सच्या मेनूतलं गोल चिन्ह: ३ बाय ३.

तपशीलवार
छान. ८ भागिले ६ म्हणजे १.३३. म्हणजे ४:३ चं चित्र पूर्ण ताणलंय, एक पैसा कमी नाही. आणि मेनू बॉक्स स्वतःच १६:९ मध्ये काढतो, तो टीव्हीवर गोल दिसतोय म्हणजे टीव्ही निर्दोष.
बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. 'डिस्प्ले', 'व्हिडिओ' किंवा 'पिक्चर' अशा नावाखाली दोन गोष्टी सापडतील. एक टीव्हीचा आकार, तो १६:९ च हवा. तिथे ४:३ असेल तर आणखी घोळ. दुसरी, ४:३ चं चित्र आलं तर काय करायचं: 'फुल' किंवा 'स्ट्रेच', 'पिलर बॉक्स', 'झूम' किंवा 'पॅन स्कॅन' असे पर्याय असतात. पिलर बॉक्स, म्हणजे बाजूंना काळे खांब, ते निवडा. काही बॉक्समध्ये त्यालाच 'ओरिजिनल' म्हणतात.

उंटावरची_शहाणी
'फुल स्क्रीन' होतं, 'पिलर बॉक्स' केलं. गोळा आता सहा बाय सहा! नायक सडपातळ झाला. सासरे म्हणतात खांब चालतील, पण हा माणूस ओळखीचा दिसतोय.
मात्र एक चॅनेल अजून हटत नाही. तिथे बातम्या नीट दिसतात, पण मधेच जुनं चित्रण दाखवलं की तेवढ्यापुरती माणसं पसरतात.

तपशीलवार
ते वाहिनीनेच ताणलंय. कार्यक्रम १६:९ चा, त्यात घातलेलं जुनं चित्रण संकलन करणाऱ्याने कडेपर्यंत ओढलं. तुमच्या घरात कुठल्याही बटणाला दोष नाही. अगदीच बघवत नसेल तर तेवढ्यापुरतं टीव्हीवर ४:३ दाबा. पूर्ण १६:९ चित्र आत दाबलं जातं आणि ताणलेलं परत सरळ होतं. निवेदक परत आला की बटण परत, नाहीतर तो काठीसारखा दिसेल.

आडवातिडवा
आमच्याकडे याच्या उलट. एका चॅनेलवर चित्राच्या चारही बाजूंना काळं. मधे पोस्टाच्या तिकिटाएवढा सिनेमा.

तपशीलवार
रुंद सिनेमा आधी कुणीतरी ४:३ मध्ये वर-खाली पट्ट्या घालून बसवला, मग ते ४:३ चित्र १६:९ मध्ये दोन्ही बाजूंना पट्ट्या घालून पाठवलं. दोनदा पट्ट्या. इथे मात्र झूम बिनधास्त वापरा, झूमचा खरा उपयोग हाच. कापलं जाणारं सगळं काळंच असतं, चित्राचं काही जात नाही. फक्त स्पष्टता कमी असेल, कारण मुळात मधल्या तुकड्यातच काय ती माहिती आहे.

वाचनमात्र
मग रुंद सिनेमाच्या वर-खाली पट्ट्या असतात, तिथेही झूम चालेल की? दोन्ही प्रकार सारखेच वाटतायत.

तपशीलवार
नाही हो. तिथे बाजूंना काळं नसतं, चित्र कडेला टेकलेलं असतं. २.३९ चा सिनेमा १०८० ओळींच्या पडद्यावर साधारण ८०४ ओळी व्यापतो, म्हणजे वर आणि खाली जवळपास १३८ ओळींची एकेक पट्टी. त्या घालवायला चित्र १.३४ पट मोठं करावं लागतं आणि मग रुंदीचा पाव भाग बाहेर जातो. दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना उभी राहून बोलत असतील तर तुम्हाला मधली भिंत दिसेल. शिवाय कधी कधी सबटायटल्स खालच्या काळ्या पट्टीत असतात, तीही जातात.

रिमोटधारी
बरं, मुद्दा पटला. पण ४३ इंचीवर ४:३ खरंच लहान दिसतं हे मान्य करा. बटणाने सुटणारा प्रश्न नाही तो.

तपशीलवार
मान्य, आकडेच तसे आहेत. ४३ इंच हा कर्ण. १६:९ मध्ये त्याची उंची २१ इंच येते. त्या उंचीच्या ४:३ चित्राचा कर्ण ३५ इंच. ३२ इंची टीव्हीवर तर तेच चित्र २६ इंची होतं, म्हणजे जुना २९ इंची चौकोनी टीव्ही काढून कुणी ३२ चा रुंद टीव्ही आणला असेल तर त्याची जुनी गाणी आधीपेक्षा बारीक झाली. टीव्ही घेताना हे कुणी सांगत नाही. घरात मुख्यतः ४:३ च बघितलं जात असेल तर कर्ण बघून नाही, उंची बघून टीव्ही घ्यावा.

खटपट्या
चांगला धागा. माझी अडचण थोडी वेगळी. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडतो तेव्हा चारही कडा कापल्या जातात. खालचा टास्कबार अर्धाच दिसतो, अक्षरंही धूसर. ४:३, १६:९, काही केलं तरी तेच. हे पण आकाराचंच प्रकरण का?

तपशीलवार
आकाराचं नाही, ओव्हरस्कॅनचं. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा सरळ येत नसत, विजेचा दाब कमी-जास्त झाला की चित्र आकसायचं. म्हणून कारखान्यातच चित्र पडद्यापेक्षा किंचित मोठं ठेवत आणि कडा चौकटीमागे दडवत. नवीन पडद्याला त्याची गरज नाही, तरी पुष्कळ टीव्ही अजूनही चित्र थोडं मोठं करून कडा छाटतात. सिनेमात कळत नाही, लॅपटॉपवर लगेच कळतं. अक्षरं धूसर होतात कारण १९२० ठिपके जसेच्या तसे न बसता प्रत्येक ठिपका शेजाऱ्यावर सांडतो.

हे वेगळं सेटिंग असतं आणि नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. एलजीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगवर 'फिट टू स्क्रीन' किंवा जुन्यांवर 'स्क्रीन फिट', सोनीवर 'डिस्प्ले एरिया' मध्ये 'फुल पिक्सेल', पॅनासॉनिकवर '१६:९ ओव्हरस्कॅन' बंद करायचं. काही टीव्हीत त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं की आपोआप बंद होतं.

तपासायचं असेल तर लॅपटॉपवर १९२० × १०८० चं चित्र काढा. अगदी कडेला एक ठिपका जाडीची लाल चौकट, मधे एक काळी, एक पांढरी अशा उभ्या रेघा. ते चित्र पूर्ण पडद्यावर, लॅपटॉपचं स्केलिंग बंद ठेवून. लाल रेघ चारही बाजूंना दिसली आणि रेघा सगळीकडे सारख्या दिसल्या तर जमलं. रेघांमध्ये जाड-बारीक लाटा दिसल्या तर अजून कुणीतरी चित्र ताणतंय.

खटपट्या
पीसी नाव दिलं, कडा आल्या, अक्षरं कोरल्यासारखी. रच्याकने, मग ओव्हरस्कॅन कायमचं बंद का ठेवू नये?

तपशीलवार
ठेवाच. एकच अपवाद. काही जुन्या एसडी (एचडीच्या आधीच्या, कमी स्पष्टतेच्या) चित्रणात अगदी वरच्या कडेला पांढऱ्या तुटक रेघा थरथरताना दिसतात. चित्राच्या ओळींआधी आकार वगैरे सांगणारी माहिती पाठवायची जागा असायची, तीच डोकावते. त्रास होत असेल तर त्या इनपुटला ओव्हरस्कॅन चालू ठेवा. बहुतेक टीव्ही प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात.

अनामिका२
इथेच विचारते. लहानपणीच्या वाढदिवसाची व्हीएचएस टेप डिजिटल करून घेतली. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की सगळे किंचित उंच आणि बारीक दिसतात, लॅपटॉपवरही तसेच. करून देणारा म्हणतो फाइल बरोबर आहे. फाइलच्या माहितीत ७२० × ५७६ असं लिहिलंय.

खटपट्या
हे मला माहितीय! ७२० भागिले ५७६ म्हणजे १.२५, जे ४:३ पण नाही आणि १६:९ पण नाही. त्या पद्धतीत ठिपके चौकोनी नसतात. ४:३ ची डीव्हीडी असो वा १६:९ ची, ठिपके तेवढेच, दाखवताना किती रुंद करायचं ती खूण वेगळी. तुमच्या फाइलमध्ये ती खूण लावायची राहिली, म्हणून प्लेअर ठिपके चौकोनी धरतो आणि चित्र आकसतं.
व्हीएलसीमध्ये उघडा आणि कीबोर्डवर 'ए' दाबत जा, ४:३ येईल तिथे थांबा. नीट दिसलं तर खात्री झाली. कायमचं करायला एमकेव्हीटूलनिक्समध्ये फाइल टाका, व्हिडिओ ट्रॅकवर ४:३ लिहा आणि नवीन फाइल करा. चित्राचं पुन्हा कॉम्प्रेशन होत नाही, दर्जा तसाच राहतो.

अनामिका२
व्हीएलसीत ४:३ वर आल्याबरोबर केक गोल झाला! दुसरं आज रात्री करते. वाचनखूण साठवली.

आडवातिडवा
गोल वस्तू मोजायची युक्ती माझ्याकडे अर्धीच चालली. मधला चेंडू बरोबर गोल, पण चित्र काहीतरी विचित्र वाटतंय.

तपशीलवार
कडेची वस्तू मोजा. मी वर पॅनोरामाबद्दल लिहिलं तेच असणार. मधे मोजलं तर तो पकडला जात नाही. सेटिंगमध्ये 'वाइड मोड' कुठला आहे बघा. सोनीवर 'वाइड झूम' ऐवजी 'फुल' करा, पण त्याआधी बॉक्स पिलर बॉक्सवर आहे ना ते पाहून घ्या, नाहीतर परत पैलवान.

गोगलगाय
एक जुनी शंका. काळे खांब ठेवले तर पडद्यावर डाग पडतात म्हणे? आमच्याकडे ओएलईडी आहे.

तपशीलवार
एलसीडी टीव्हीला ही भीती नाही. प्लाझ्मा आणि ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि वापराने झिजतो. खांबांच्या जागेचे ठिपके बंद असतात, म्हणजे कमी झिजतात आणि मधले जास्त. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास फक्त ४:३ बघितलं तर फरक जाणवू शकतो. म्हणून काही प्लाझ्मा टीव्हीत खांब करडे करायची सोय होती. एरवी सिनेमा, बातम्या, खेळ असं मिसळून बघत असाल तर निर्धास्त राहा. खांबांपेक्षा तासन्‌तास एकाच जागी उजळत राहणारं बोधचिन्ह जास्त घातक.

वाचनमात्र
आणि मोबाइलवर उभं काढलेलं चित्रण टीव्हीवर लावलं की? त्यालाही काही बटण?

खटपट्या
९:१६ चं चित्र १६:९ वर लावलं की पडद्याचा फक्त ३२ टक्के भाग भरतो. बाजूंना तेच चित्र धूसर करून भरतात काही अ‍ॅप, मला ते खांबांपेक्षा वाईट वाटतं. बटण एकच, मोबाइल आडवा धरा.

उंटावरची_शहाणी
एक शेवटचं. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमा लावला की पिक्चर साइझचं बटण फिकट होतं, दाबताच येत नाही. आणि एका मालिकेत पट्ट्या अगदी बारीक आहेत, सिनेमापेक्षा निम्म्याहूनही कमी. सासऱ्यांची टेप अजून हातातच आहे, त्यांनी मोजून सांगितलं.

तपशीलवार
बटण फिकट होणं बरोबर आहे. पुष्कळ टीव्ही स्वतःच्या अ‍ॅपमध्ये ती सोय बंदच ठेवतात, कारण अ‍ॅप चित्र मुळातच १६:९ चौकटीत तयार करून देतं. आणि बारीक पट्ट्यांची मालिका २:१ ची असणार. छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारो यांनी सिनेमा आणि टीव्ही दोन्हींना चालेल असा आकार म्हणून १९९८ च्या सुमारास तो मांडला, आणि आता ओटीटीवरच्या बऱ्याच मालिका त्यातच असतात. पडद्याची ८९ टक्के उंची भरते. तुमच्या २१ इंचांतले वर सव्वा इंच आणि खाली सव्वा इंच काळे यायला हवेत. सासऱ्यांना विचारा, टेपवर किती आले?

उंटावरची_शहाणी
ते म्हणतात वर तीन सेंमी, खाली तीन सेंमी. इंचांची बाजू त्यांना दिसत नाही, चष्मा आत राहिलाय.